कोणत्या भाषेत, ते कुणी विचारलं नाही

टेक्सासच्या पश्चिम टोकाला माझं पोस्टिंग झालं ते पंच्याऐंशी साली. ट्रान्सपोर्ट कंपनी, सेकंड प्लाटून. रँक सार्जंट, वय पंचवीस. आम्ही पाच टनी ट्रक चालवायचो. पाणी, डिझेल, तंबू, दारूगोळा, वरून जे सांगतील ते इकडून तिकडे न्यायचं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोरं विचारतात, "काका, यू वेअर इन द आर्मी? मग किती जणांना उडवलंत?" एकालाही नाही. आठ वर्षांच्या नोकरीत मी शत्रूचं तोंड पाहिलं नाही. माझ्यासमोर एकच माणूस गेला आणि तो आमचाच होता. हे त्याच्याबद्दल आहे.

आधी माझं थोडक्यात सांगतो. जन्म नागपूरचा. वडील इंजिनियर. त्यांना मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला आलो, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. कॉलेजात दोन सेमिस्टर सपाटून आपटलो आणि कुणाला न विचारता आर्मीच्या ऑफिसात जाऊन सही केली. आईने आठवडाभर अबोला धरला. मग म्हणाली, "साता समुद्रापलीकडे आणलं ते ट्रक हाकायला का रे?" बाबा उठून गॅरेजमध्ये गेले. ओळखीच्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर होत होती. माझा युनिफॉर्ममधला फोटो आईने लावला, पण बैठकीत नाही, आतल्या खोलीत.

दिवस ठरलेला असायचा. ०५३० ला पीटी, ०७०० ला मेस, ०८०० ला मोटर पूलवर, म्हणजे ट्रक उभे करायच्या आवारात, हजेरी. त्यानंतर ट्रक धुणं, तेल बघणं, टायर बघणं, पुन्हा ट्रक धुणं. १७०० ला सुटी. सुटी झाली की लोक गावात जायचे, नाहीतर टीव्हीसमोर बसायचे. मी खाटेवर पडून छताकडे बघायचो. ट्रॉयला फोन आठवड्यातून एकदा. बाकी वेळ तोंडातून निघायचं ते सगळं इंग्लिश. कुणी वाईट वागत नव्हतं. पण माझ्याशी बोलताना सगळे जरा जपून बोलायचे, आणि ते मला टोचायचं.

जूनमध्ये प्लाटूनला नवा ड्रायव्हर आला. स्पेशालिस्ट फोर इल्दार, रँक माझ्याहून एक पायरी खाली. त्याचं आडनाव लिहीत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही. उंच, रुंद गालफडांचा, डोळे बारीक आणि करडे. हजेरीला आमच्या प्लाटून सार्जंटने, म्हणजे माझ्याही वरच्या साहेबाने, त्याला विचारलं, "कुठला तू?"

"क्वीन्स, न्यूयॉर्क, सार्जंट."

"ते नाही. मूळचा कुठला?"

"तातार, सार्जंट."

"माशाबरोबर देतात ते टार्टर सॉस?"

"होय, सार्जंट. तेच."

सगळे हसले. तो पुढे बघत उभा. नंतर मी त्याला म्हटलं, "अरे, सांगायचं ना काहीतरी." तो म्हणाला, "सॉस म्हटलं की गोष्ट अर्ध्या मिनिटात संपते. खरं सांगायला गेलं तर तासभर लागतो आणि शेवटी पुन्हा सॉसवरच येतात." माणूस मला आवडला. त्या अख्ख्या मेसमध्ये चहा पिणारे आम्ही दोघंच होतो, आणि त्यात दूध घालणारेही आम्ही दोघंच. बाकी सगळी कॉफीची पिंपं.

ती तासाभराची गोष्ट त्याने मला तुकड्या-तुकड्यांत सांगितली. त्याचे आजोबा व्होल्गा नदीकाठचे, कझान गावचे. रशियात क्रांती झाली तेव्हा बायकोला घेऊन पूर्वेला पळाले ते थेट मांचुरियात. तिथून जपान. त्याची आई जपानमध्ये कोबेला जन्मली. पुढे सगळे तुर्कस्तानात गेले, आणि तिथून क्वीन्सला. इतकी गावं बदलली, पण घरात भाषा एकच राहिली, तातार. बायका स्वयंपाकघरात तीच बोलत, मुलांना मार पडे तोही तिच्यातच. वडील तो लहान असतानाच गेले. घरी आई आणि मोठी बहीण नाइला. "आम्ही साठ वर्षं सामान बांधतोय," तो म्हणायचा. "सामानात जड असं एवढंच. भाषा."

"इथे कुणाशी बोलतोस?" मी विचारलं.

"आईशी. रविवारी पंधरा मिनिटं, पे फोनवर."

जुलैमधली गोष्ट. मी घरी फोनवर बोलत होतो आणि आईला 'चिमटा' सांगायचं होतं. शब्द येईना. पोळी उचलायचा चिमटा हो! अर्धा मिनिट मी "ते गं, ते" करत राहिलो. आई हसली, पण फोन ठेवल्यावर माझं डोकं सणकलं. इल्दार मागे रांगेत उभा होता. त्याने माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "तुझीही गंजायला लागली?"

त्याच संध्याकाळी त्याने युक्ती काढली. रोज १८३० ला मोटर पूलच्या मागच्या कुंपणाजवळ बसायचं. दहा मिनिटं मी मराठीत बोलायचं, दहा मिनिटं त्याने तातारमध्ये. समोरच्याने ऐकायचं, मान डोलवायची, मध्ये तोंड घालायचं नाही. आणि एक कडक नियम, अर्थ विचारायचा नाही.

"का रे बाबा?"

"अर्थ विचारलास की शाळा होते. शनिवारची तातार शाळा मी सहा वर्षं केली आहे. मला शिकवायचं नाही. मला बोलायचं आहे."

पहिल्या दिवशी मी काय बोललो तर प्लाटून सार्जंटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. समोरून तो गंभीरपणे मान डोलवतोय! मला हसू आवरेना. मग त्याची पाळी. तो डोळे मिटून बोलायचा, सावकाश, घरात कुणी आजारी असल्यासारखा हलक्या आवाजात. मध्येच 'किताब', 'दुनिया' असं काहीतरी कानावर पडायचं आणि मी टवकारून बघायचो. तो बोट हलवायचा. विचारायचं नाही.

सात महिने हे चाललं. लोकांना वाटायचं, दोघांची भाषा एकच आहे. आम्ही कशाला सांगतोय? मी त्याला काय काय सांगितलं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांबद्दल. आतल्या खोलीतल्या फोटोबद्दल. एकदा बोलता बोलता रडलोही. त्याला एक शब्द कळला नाही, पण त्याने तोंड फिरवलं नाही. आयुष्यात नंतर लग्न झालं, मुलं झाली, मित्र झाले, पण तसं ऐकणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. हे बायकोलाही माहीत आहे.

पुढे आमचं धाडस वाढलं. कॉन्व्हॉयमध्ये तासन् तास गाडी चालवताना रेडिओवरही सुरू झालो. प्लाटून सार्जंटचा आवाज आला, "माझ्या रेडिओ नेटवर इंग्लिश! ओव्हर." दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला उभं करून झाडलं. "उद्या काही झालं तर तुमच्या बडबडीत मला काय कळणार?" आम्ही "येस, सार्जंट" म्हटलं आणि हातातल्या छोट्या रेडिओचं वेगळं चॅनल धरलं, आमचं दोघांचंच. तो माणूस बरोबर बोलत होता, हे तेव्हा आमच्या टाळक्यात शिरलं नाही.

फेब्रुवारीत दहा दिवसांची एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, होता. वाळवंटात पाणी पोचवायचं काम आमच्याकडे. सहाव्या दिवशी सकाळी आम्हाला एका कोरड्या नाल्याच्या काठावर टँकर उभा करायचा होता. इल्दार ड्रायव्हर, मी ग्राउंड गाइड. म्हणजे गाडी मागे घेताना खाली उभं राहून हातांनी खुणा करून ड्रायव्हरला वाट दाखवायची. ड्रायव्हरला गाइड दिसला नाही तर त्याने थांबायचं, हा नियम. पण वारा सुटला होता, धुळीचे लोट उठत होते. थांबत बसलो असतो तर दुपार झाली असती. मी त्याला रेडिओवर इंग्लिशमध्ये म्हटलं, "रेडिओवर घेऊ. मी सांगतो तसं ये."

"रॉजर."

१०४० ला गाडी मागे निघाली. मी नाल्याच्या वळणावर उभा होतो. तिथून मला मागची चाकं दिसत होती, त्याला मी धुळीत दिसत नव्हतो. दहा फूट, आठ फूट, मी इंग्लिशमध्येच सांगत होतो. आणि मग मला मागच्या डाव्या चाकाखालची जमीन हलताना दिसली. एक भेग गेली आणि काठाचा तुकडा खाली सरकला.

मी ओरडलो. "थांब! थांब रे! खचतंय मागे, थांब!"

मराठीत.

का, ते आता कुणीही सांगेल. सात महिने त्या माणसाशी, कुंपणाजवळ आणि पुढे त्याच रेडिओवर, मी मनातलं सगळं मराठीतच बोललो होतो. घाबरलो तेव्हा तेच तोंडातून आलं. 'स्टॉप' हा शब्द लहान मुलालाही येतो. मला तेव्हा आला नाही.

रेडिओवर तो हसला. मी ते स्पष्ट ऐकलं. त्याला वाटलं असणार, मी धुळीला कंटाळून सुरू झालो. मग त्याने तातारमध्ये उत्तर दिलं, एक वाक्य, मध्यम लांबीचं, हसत हसत. ते संपेपर्यंत चाकं फिरत होती. दोन सेकंद, फार तर तीन. मग "स्टॉप, स्टॉप, स्टॉप" मला आठवलं. तोवर काठ गेला होता. टँकर डाव्या कुशीवर कलला आणि उलटा होऊन नाल्यात पडला.

१०४८ ला मेडिक पोचले. ११२० ला हेलिकॉप्टर आलं. घाई करायचं काही कारण उरलेलं नव्हतं.

चौकशी दोन दिवस चालली. तीन अधिकारी होते, मेजरने प्रश्न विचारले.

"तू ड्रायव्हरला थांबायला सांगितलंस?"

"येस, सर."

"रेडिओवर?"

"येस, सर."

"त्याने ते ऐकलं?"

"येस, सर. त्याने उत्तर दिलं."

"काय उत्तर दिलं?"

"कळलं नाही, सर."

मेजरने लिहून घेतलं. निष्कर्ष असा की काठ आतून पोकळ होता, कुणाचा दोष नाही. मी दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. मी कोणत्या भाषेत सांगितलं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला भीती वाटली, हे सरळ लिहितो.

नंतर कॅप्टनने मला बोलावलं. "बॉडी न्यूयॉर्कला जाणार आहे. एस्कॉर्ट म्हणून तू जा. तुझा मित्र होता. आणि तुला त्यांची भाषा येते."

"नाही येत, सर."

"रोज तर बोलत बसायचात."

"येस, सर. पण येत नाही."

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं, मग ऑर्डरवर सही केली.

एस्कॉर्टचं काम सोपं असतं. हिरवा क्लास ए युनिफॉर्म घालायचा आणि शवपेटीला एकटं सोडायचं नाही. विमानात चढवताना सॅल्यूट, उतरवताना सॅल्यूट. मधल्या वेळात मी प्रवाशांत बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "सुटीवर घरी चाललास?" मी म्हटलं, "येस, मॅम."

क्वीन्सला पोचलो तेव्हा बर्फ साचून काळं पडलं होतं. नाइला फ्युनरल होमच्या दारात उभी होती. तिशीची, शाळेत शिकवणारी, इंग्लिश अगदी न्यूयॉर्कचं. तिने मला सगळं समजावून दिलं. त्यांच्यात मयताला आंघोळ आपली माणसं घालतात, पुरुषाला पुरुष. हजरत, म्हणजे त्यांचे मौलवी, आणि दोन वयस्क शेजारी आत गेले. मला शवपेटीला सोडता येत नव्हतं आणि आत जाण्याचा हक्क नव्हता. म्हणून मी दाराला पाठ लावून सव्वा तास उभा राहिलो. आत पाण्याचा आवाज येत होता आणि तीन म्हातारे आपसात हळू बोलत होते. इल्दार गेल्यावर पहिल्यांदाच ती भाषा माझ्या कानावर पडत होती. काम झाल्यावर नाइलाने त्या तिघांना एकेक नवा टॉवेल दिला. आंघोळ घालणाऱ्याला द्यायची रीत आहे. मग एक मलाही दिला. "तूही पहारा दिलास," ती म्हणाली. मी तो धरून उभा राहिलो. टोपी, ग्लव्ह्ज, टॉवेल, सगळंच हातात.

प्रार्थना त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये झाली. चाळीसेक माणसं होती. प्रार्थनेआधी हजरतनी वळून लोकांना काहीतरी विचारलं. सगळे एकदम म्हणाले, "बेहिल." मी अटेन्शनमध्ये होतो. बाहेर आल्यावर नाइलाला विचारलं.

"ते विचारतात, याने कुणाचं मन दुखावलं असेल तर त्याला मोकळं करा. लोक म्हणतात, मोकळं केलं. बेहिल म्हणजे माफी, पण दोन्हीकडची. आपलं त्याच्याकडे काही असेल तर तेही इथेच मिटवायचं. घेऊन जायचं नाही."

हॉलमध्ये जे म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नव्हतं.

त्यांच्यात बायका दफनाला जात नाहीत. तिथे आर्मीचा घोळ झाला. आमच्या नियमाप्रमाणे शवपेटीवरचा झेंडा घडी करून कबरीजवळ आईच्या हातात द्यायचा. आई घरी. झेंडा घडी करणारे दोन शिपाई माझ्याकडे बघायला लागले, "सार्जंट, आता?" मी म्हटलं, "आण इकडे." आणि तो तिकोनी घडीचा झेंडा मांडीवर घेऊन मी नाइलाच्या गाडीतून त्यांच्या घरी गेलो. १५२० ला पोचलो.

दुसऱ्या मजल्यावरचं छोटं घर. शिलाई मशीन खिडकीपाशी. त्याची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. डोक्याला पांढरा रुमाल, उंची माझ्या खांद्याएवढी, डोळे तेच, करडे. तिचं नाव रशीदा. मी तिला तिथे 'मॅम' म्हटलं, पण मनात काकूच म्हणत होतो. गुडघा टेकून मी झेंडा दिला आणि देशाच्या वतीने जे म्हणायचं असतं ते म्हटलं. नाइलाने भाषांतर केलं. काकूंनी झेंडा मशीनवर ठेवला, मला टेबलाशी बसवलं आणि चहा दिला. दूध घातलेला. पुढ्यात मधात घोळवलेली पिठाची बोरं होती. बायका बाजूच्या खोलीत कुराण वाचत होत्या.

मी कप खाली ठेवला. "नाइला, मला यांना काहीतरी सांगायचं आहे. जसंच्या तसं सांग."

आणि सांगितलं. कुंपण, दहा मिनिटं, रेडिओ, काठ. मी थांबायला सांगितलं, पण माझ्या भाषेत. त्याला ती येत नव्हती. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा बोलतोय. नाइला दोन वाक्यं भाषांतर करून थांबली. "तुझ्या रिपोर्टमध्ये हे नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पूर्ण सांगू?"

"पूर्ण."

तिने सांगितलं. काकू हलल्या नाहीत. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, शिव्या हव्या होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ती विचारते, तो काही बोलला का?"

"बोलला. तातारमध्ये. एक वाक्य. हसत होता."

काकू पुढे झुकल्या. भाषांतराची गरजच नव्हती. शेवटचं वाक्य, तेही त्यांच्या भाषेत, आणि ते ऐकलेला जगात एकच माणूस त्यांच्या टेबलाशी बसलेला. "काय?" त्यांनी इंग्लिशमध्येच विचारलं. "व्हॉट?"

मला सांगता आलं नाही. सात महिने रोज ती भाषा ऐकली होती आणि एक शब्द माझ्या हाती लागला नव्हता. चाल आठवत होती, हसू आठवत होतं, शब्द नाही. मी मान हलवली. त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी नाल्यापाशीही वाटली नव्हती.

मग काकूंनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली, माझ्या तोंडाकडे बघत तातारमध्ये एक वाक्य म्हटलं आणि थांबल्या. नाइला हळूच म्हणाली, "ती विचारते, हे होतं का?"

मी ऐकलं. ते नव्हतं. "नो, मॅम."

दुसरं वाक्य. "नो, मॅम."

तिसरं. थोडं लांब, शेवटी वर चढणारं. "नो, मॅम."

आपला मुलगा काय काय म्हणू शकला असता, ते काकू एकेक करून काढत होत्या. काही वाक्यांना नाइला रडत हसली. ती त्याची थट्टेची वाक्यं असणार. काकू रडल्या नाहीत. शिवताना सुईत दोरा ओवावा तशा त्या नेटाने बघत होत्या. खिडकीबाहेर अंधारून आलं. दहा वाक्यं झाली, वीस झाली. मी प्रत्येक वेळी जीव तोडून ऐकत होतो आणि प्रत्येक वेळी खरं सांगत होतो. शेवटी शेवटी मला भीती वाटायला लागली की खरं वाक्य येऊन जाईल आणि मला ओळखता येणार नाही. कदाचित तसं झालंही असेल.

माझं विमान १९३० चं होतं. नाइलाने घड्याळ पाहिलं, काकूंना काही सांगितलं. मी उठलो. काकूही उठल्या. त्यांनी माझ्या कोटाचं बटण नीट केलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "आक यूल, उलिम."

माझ्याच्याने आणखी एक 'नो' म्हणवलं नाही. ते वाक्य नव्हतं, मला पक्कं ठाऊक होतं. हे किती छोटं होतं! पण मी म्हटलं, "येस, मॅम. तेच. तेच म्हणाला."

नाइलाचा हात दाराच्या मुठीवर तसाच राहिला. काकूंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान डोलावली, माझे गाल थोपटले आणि आत बायकांकडे गेल्या.

विमानतळाच्या रस्त्यावर नाइला म्हणाली, "शेवटचं जे म्हणाली, तो प्रश्न नव्हता."

"म्हणजे?"

"आक यूल म्हणजे पांढरी वाट. घरातून बाहेर पडणाऱ्याला मोठी माणसं म्हणतात, तुझी वाट पांढरी असो. उलिम म्हणजे माझ्या मुला. ती तुला निरोप देत होती. इल्दार तिला असं कधीच म्हणाला नसता. मुलगा आईला असं म्हणत नाही."

मला तिथेच गाडीतून उडी मारावीशी वाटली. "म्हणजे त्यांना कळलं, मी खोटं बोललो?"

"कळलं."

सिग्नलला गाडी थांबली. मी विचारलं, "त्यांनी मला बेहिल म्हटलं का? मधे कधी?"

"मी तिला विचारलं होतं, तू उठायच्या आधी." नाइला समोर बघत होती. "ती म्हणाली, बेहिल त्याचं, ते मला देता येत नाही. वाट तेवढी देते."

टर्मिनलला उतरताना ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. पण मला पुन्हा फोन करू नकोस." मी केला नाही.

टेक्सासला परतल्यावर सोमवारी ०८०० ला मी कॅप्टनसमोर उभा राहिलो आणि तेच सगळं इंग्लिशमध्ये सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. "रिपोर्ट बंद झाला आहे, सार्जंट. तू थांबायला सांगितलंस. तेवढं पुरे आहे. आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, तुझ्याच भल्यासाठी." ०८१५ ला मी मोटर पूलवर होतो. ट्रक धुवायचे होते. १८३० ला पाय आपोआप कुंपणाकडे गेले. अर्ध्या वाटेतून परत आलो. पुढची तीन वर्षं मी त्या बाजूला गेलो नाही आणि नोकरी संपेपर्यंत रेडिओवर इंग्लिशशिवाय एक अक्षर बोललो नाही.

आता रिटायर झालो आहे. ट्रॉयमध्येच राहतो. मुलं माझ्याशी इंग्लिश बोलतात, बायको रागावते, मी गप्प बसतो. काकू आता असतील असं वाटत नाही.

आमच्या जुन्या कंपनीच्या आवारात एक दगड आहे, त्यावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरली आहेत. ट्रेनिंगमध्ये गेलेल्यांची कोरत नाहीत. म्हणून इथे नोंदवतो. स्पेशालिस्ट फोर इल्दार, सेकंड प्लाटून, वय तेवीस. प्लाटूनमधला सगळ्यात चांगला ड्रायव्हर. गाडी मागे घेताना त्याने एकदाही कुठे घासली नव्हती. त्या सकाळी त्याच्याकडून काहीही चुकलं नाही. चूक माझी होती. ती मी मराठीत केली, म्हणून मराठीतच लिहून ठेवली आहे.